‘पारनेर’मधून किती शब्द निघतात? कोड लिहिण्याआधी ठरवायच्या गोष्टी

दिलेल्या शब्दातल्या अक्षरांच्या सगळ्या ‘युनिक ऑर्डर्ड कॉम्बिनेशन्स’ काढा. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. प्रॅक्टिकलला पडतो, कॅम्पसच्या ऑनलाइन चाचणीत पडतो, मुलाखतीत तर हमखास. लोणी, संगमनेर, कोपरगावकडची इंजिनिअरिंगची मुलं आणि नगरमध्ये बीसीए करणारी मुलं माझ्याकडे जी तक्रार घेऊन येतात, तिचे शब्दही ठरलेले आहेत : ‘‘सर, कोड चालतोय, पण उत्तर जुळत नाही.’’

मागे पारनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका बाईंचा फोन आला. त्यांना मुलांसाठी ‘शब्दातून शब्द’ हा खेळ करायचा होता. पायथॉनचे चार धडे गिरवलेले, तेवढ्यावर कोडही लिहिला होता. पहिला शब्द अर्थातच ‘पारनेर’. स्क्रीनवर ६३ ओळी आल्या. त्यांतल्या कितीतरी ओळी नुसत्या मात्रेने सुरू होत होत्या आणि त्या मात्रेला आधार म्हणून संगणकाने ठिपक्यांचं गोल वर्तुळ काढलेलं. बाई म्हणाल्या, ‘‘सर, हे वर्तुळ मी टाकलेलं नाही हो.’’ बरोबर उत्तर १३ होतं.

६३ आणि १३ यांच्या मधल्या फरकात या विषयातल्या जवळपास सगळ्या चुका सापडतात. त्या टाळायच्या तर कीबोर्डला हात लावण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या : क्रम म्हणजे काय, आणि अक्षर म्हणजे काय.

आधी ‘ऑर्डर्ड’चा अर्थ पक्का करा

हा शब्द निदान चार अर्थांनी वापरला जातो. ‘नगर’ हा तीन अक्षरी शब्द घेऊन बघा.

- क्रम राखून निवड. अक्षरं गाळायची मुभा आहे, पण उरलेल्यांनी जागा बदलायची नाही. न, ग, र, नग, नर, गर, नगर : ७.
- पूर्ण फेरमांडणी. सगळी अक्षरं वापरायची, क्रम हवा तसा. नगर, नरग, गनर, गरन, रनग, रगन : ६.
- कितीही अक्षरांची, कोणत्याही क्रमाने मांडणी. एक अक्षरी ३, दोन अक्षरी ६, तीन अक्षरी ६ : एकूण १५.
- अक्षर पुन्हा वापरण्याची मुभा, लांबी ठरलेली. ननन, ननग... तीन अक्षरी मांडण्या २७.

पहिल्या प्रकारात इनपुटमधला क्रम जपला जातो. दुसऱ्या-तिसऱ्यात क्रम बदलला की नवी मांडणी धरली जाते. दोन्हींना इंग्रजीत ‘ऑर्डर्ड’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण हवं असेल तर रेल्वेचं तिकीट काढून बघा. कोपरगाव स्टेशनचा कोड ‘के-पी-जी’ आहे. इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं डावीकडून उजवीकडे जाताना उचललेली, एकही मागे-पुढे झालेलं नाही. राहुरीचा ‘आर-आर-आय’, साईनगर शिर्डीचा ‘एस-एन-एस-आय’, श्रीरामपूरकरांच्या बेलापूर स्टेशनचा ‘बी-ए-पी’, सगळे असेच. अर्थात रेल्वे हा नियम दर वेळी पाळत नाही. मनमाडचा ‘एम-एम-आर’ घ्या : मनमाडच्या स्पेलिंगमध्ये ‘आर’ शोधून सापडणार नाही.

चौथा प्रकार गाडीच्या नंबरप्लेटवर दिसतो. एमएच १६ म्हणजे नगर, एमएच १७ म्हणजे श्रीरामपूर. त्यापुढच्या दोन अक्षरी मालिकेत एकच अक्षर दोनदा चालतं. एक आणि शून्य या आकड्यांशी गल्लत नको म्हणून ‘आय’ आणि ‘ओ’ वगळतात, म्हणजे उरली २४ अक्षरं आणि मालिका झाल्या २४ गुणिले २४, ५७६.

सलग तुकडे हा आणखी वेगळा प्रकार. ‘नगर’चे सलग तुकडे न, ग, र, नग, गर, नगर असे ६. ‘नर’ त्यात बसत नाही, कारण मधला ‘ग’ गाळला आहे. इथे एक सापळा आहे. सलग तुकडेही ६ आणि पूर्ण फेरमांडण्याही ६. पहिल्या प्रकाराचा कोड लिहिताना लूप शेवटच्या लांबीपर्यंत नेला नाही तर तिथेही ६ येतात. तेव्हा फक्त ‘नगर’ टाकून ‘उत्तर जुळलं’ असं म्हणू नका.

‘युनिक’ : जागेने वेगळं की दिसायला वेगळं?

‘पारनेर’ची अक्षरं चार : पा, र, ने, र. ‘र’ दोनदा आला आहे. पायथॉनच्या इटरटूल्समधली कॉम्बिनेशन्स आणि परम्युटेशन्स ही दोन्ही फंक्शन्स अक्षर ओळखतात ते त्याच्या जागेवरून. त्यांच्या लेखी दुसऱ्या जागेवरचा ‘र’ आणि चौथ्या जागेवरचा ‘र’ हे दोन वेगळे गृहस्थ. म्हणून क्रम राखून निवड केली की १५ ओळी येतात. त्यात ‘र’ दोनदा आणि ‘पार’ दोनदा. दोन जादा ओळी काढल्या की उरतात या तेरा :

पा, र, ने, पार, पाने, रने, रर, नेर, पारने, पारर, पानेर, रनेर, पारनेर.

(‘पार’, ‘पाने’, ‘नेर’ हे अर्थाचे शब्द आपोआप निघाले, म्हणून बाई खूश होत्या.)

पूर्ण फेरमांडणीत असंच होतं. २४ ओळी येतात, पण प्रत्येक मांडणी दोनदा. खरं उत्तर १२. ‘शेवगाव’मध्ये ‘व’ नेमका त्याच दोन जागांवर आहे, म्हणून तिथेही १३ आणि १२. दोन्ही शब्द टाकून बघा, आकडे वेगळे आले तर कोडमध्ये कुठेतरी गडबड आहे.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये हा फरक आणखी वाढतो. कोपरगावच्या नऊ अक्षरांत ‘ए’ आणि ‘ओ’ दोन-दोनदा आहेत. क्रम राखून तीन अक्षरी कोड काढले तर फंक्शन ८४ ओळी देतं. प्रत्यक्षात वेगळे कोड ७३.

कोणता मार्ग घ्यावा

*क्रम राखून, वेगळ्या निवडी हव्या असतील तर :*

१. रिकामी डिक्शनरी घ्या आणि तिच्यात एक रिकामा शब्द की म्हणून ठेवा.
२. शब्दातलं एकेक अक्षर डावीकडून घ्या.
३. आतापर्यंतच्या सगळ्या कींची आधी वेगळी प्रत काढा. मग त्या प्रतीतल्या प्रत्येक शब्दापुढे नवं अक्षर जोडून तो डिक्शनरीत टाका.
४. शेवटी रिकामा शब्द काढून टाका.

‘पारनेर’वर ही यादी १, २, ४, ८ अशी वाढते आणि शेवटच्या ‘र’ला १६ न होता १४ वर थांबते, कारण ‘र’ आणि ‘पार’ आधीच आत असतात. रिकामा शब्द वजा केला की १३.

तिसऱ्या पायरीतली प्रत विसरू नका. ज्या डिक्शनरीवर लूप चालू आहे तिच्यातच भर घातली तर पायथॉन मधेच थांबतो आणि ‘फिरताना आकार बदलला’ अशा अर्थाची एरर देतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच ओळीवरच्या असतात.

सेट न घेता डिक्शनरी घ्या असं सांगण्याचं कारण साधं आहे. सेट दुबार ओळी काढतो, पण ओळींचा क्रमही विस्कटून टाकतो. डिक्शनरी पायथॉन ३.७ पासून टाकलेला क्रम खात्रीने जपते. तयार यादी हातात असेल तर डिक्टचं फ्रॉमकीज वापरा, दुबार ओळी जातील आणि क्रम जागेवर राहील.

*वेगळ्या फेरमांडण्या हव्या असतील तर :*

‘सगळ्या परम्युटेशन्स काढा आणि सेटमध्ये ओता’ हे उत्तर चॅटबॉट देतो, पोरं तेच चिकटवतात. छोट्या शब्दाला चालतं. पण ज्या शब्दात एकच अक्षर पाच-सहा वेळा आहे, तिथे हजारो मांडण्या बनवायच्या आणि बहुतेक फेकायच्या असा कारभार होतो. त्यापेक्षा कोणतं अक्षर किती वेळा आहे याची आधी मोजदाद करा. मग पहिल्या जागेवर प्रत्येक वेगळं अक्षर एकदाच ठेवून बघा, त्याची शिल्लक एकने कमी करा, पुढच्या जागेवर जा. परत येताना शिल्लक पूर्ववत करा. यात दुबार मांडणी जन्मालाच येत नाही, म्हणून काढायचीही वेळ येत नाही.

*लायब्ररीतलं फंक्शनच वापरायचं असेल तर* दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. कॉम्बिनेशन्सला लांबी सांगावी लागते, म्हणून १ पासून शब्दाच्या लांबीपर्यंत लूप हवा, आणि रेंजची वरची मर्यादा धरली जात नाही, म्हणून लांबी अधिक एक लिहायचं. दुसरं, हाती येतात ते टपल. जोडून शब्द करायचं काम तुमचं.

मराठी शब्द टाकणार असाल तर इथे थांबा

आपल्या जिल्ह्याचं जुनं नाव प्रोग्रामरला फार सोयीचं होतं. ‘अहमदनगर’ : एकही काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. सात अक्षरं आणि संगणकाच्या लेखीही सातच चिन्हं, सातही वेगळी. कोणताही कोड टाका, क्रम राखून १२७ निवडी आणि फेरमांडण्या ५,०४०. चूक लपून राहायला याहून चांगली जागा नाही.

२०२४ साली जिल्ह्याचं नाव ‘अहिल्यानगर’ झालं आणि कोड उघडे पडले. तुम्ही-आम्ही मोजतो तेव्हा अक्षरं सहा : अ, हि, ल्या, न, ग, र. पायथॉनचं लेन फंक्शन मात्र १० सांगतं. युनिकोडमध्ये वेलांटी, काना आणि हलन्ताची खूण ही प्रत्येक स्वतंत्र चिन्हं आहेत : अ, ह, वेलांटी, ल, हलन्त, य, काना, न, ग, र. म्हणजे आपल्या हिशेबाने निवडी ६३ आणि फेरमांडण्या ७२०. संगणकाच्या हिशेबाने निवडी १,०२३ आणि फेरमांडण्या ३६,२८,८००. त्यातल्या बहुसंख्य मांडण्यांत वेलांटी भलत्याच्याच गळ्यात असते. पारनेरच्या बाईंचं ठिपक्यांचं वर्तुळ हेच.

एक्सेलमध्येही ‘श्रीगोंदा’ची लांबी ९ येते. अक्षरं तीनच आहेत.

दुसरा सापळा याच्या उलट. ‘फक्त अक्षरं ठेवा, बाकीचं काढा’ म्हणून बरेच जण इजअल्फा ही चाचणी लावतात किंवा रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं ‘शब्दातलं चिन्ह’ वापरतात. पायथॉनच्या नेहमीच्या री मॉड्यूलमध्ये मात्रा या चाळणीतून आरपार गळतात. ‘राहुरी’चं ‘रहर’ होतं, ‘जामखेड’चं ‘जमखड’, ‘कोपरगाव’चं ‘कपरगव’. एरर काहीच येत नाही, म्हणून हे दिवसेंदिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय एकच : शब्द आधी अक्षरांत तोडा आणि पुढचं सगळं काम त्या तुकड्यांच्या यादीवर करा. तोडण्याचा घरगुती नियम असा :

१. शब्दातलं एकेक चिन्ह घ्या आणि युनिकोडडेटा मॉड्यूलला त्याचा प्रवर्ग विचारा.
२. प्रवर्गाचं नाव ‘एम’ने सुरू होत असेल (काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग, हलन्त सगळे यात येतात) तर ते चिन्ह आधीच्या तुकड्याला चिकटवा.
३. आधीचा तुकडा हलन्ताने संपत असेल आणि नवं चिन्ह व्यंजन असेल, तर तेही चिकटवा. ‘ल्या’ असाच जुळतो.
४. नाहीतर नवा तुकडा सुरू करा.

टाइप केलेल्या मजकुरात कधीकधी झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह असतं. तेही आधीच्याला चिकटवा आणि त्याच्या मागे हलन्त असेल तर पुढचं व्यंजनसुद्धा.

तयार साधनंही आहेत. पायथॉनसाठी वेगळं बसवावं लागणारं रेजेक्स पॅकेज, जावास्क्रिप्टमध्ये इंटलचा सेगमेंटर. वापरा, पण आवृत्ती बघून. युनिकोडच्या १५.१ या २०२३च्या आवृत्तीपर्यंत अक्षर तोडण्याच्या सर्वसाधारण नियमात देवनागरी जोडाक्षर अखंड राहत नव्हतं. ‘ल्या’चे ‘ल्’ आणि ‘या’ असे दोन तुकडे पडायचे, ‘श्री’चे ‘श्’ आणि ‘री’. जुन्या नियमावर चालणारं साधन असेल तर ते ‘अहिल्यानगर’ची सात अक्षरं सांगेल, आणि सुटा ‘ल्’ पुढच्या ‘न’ला भेटला की ‘ल्न’ असं कोणी कधी न लिहिलेलं जोडाक्षर तयार होईल.

‘ऱ’बद्दलही सावध राहा. तो एकाच चिन्हाने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कोडला वेगळे. म्हणून इनपुट घेतल्या घेतल्या त्याला एनएफसी रूपात आणा. नाहीतर युनिक यादीत एकच शब्द दोनदा दिसेल आणि तुम्ही रात्रभर लूप तपासत बसाल.

राहिला एक निर्णय, जो तुमच्याशिवाय कोणी घेऊ शकत नाही. ‘श्रीरामपूर’मधले ‘रा’ आणि ‘र’ एकच धरायचे की वेगळे? माझ्या मते वेगळे, कारण मराठी माणूस शब्दकोडं सोडवताना चौकटीत ‘रा’ भरतो, ‘र’ आणि काना वेगळे भरत नाही. तसं धरलं तर श्रीरामपूरच्या फेरमांडण्या १२०.

यादी वर्णानुक्रमे हवी असेल तर

सॉर्टेड फंक्शन युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लावतं. तिथे ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’सुद्धा संगणक ‘क’ आणि ‘ज’खाली घालतो. शाळेसाठी यादी छापणार असाल तर वर्णमालेचा क्रम स्वतः लिहून द्या आणि त्यावर सॉर्ट करा. परीक्षेतल्या इंग्रजी शब्दांना याची गरज नाही. तिथे इनपुट आधी सॉर्ट केलं की फेरमांडण्या आपसूक वर्णानुक्रमे निघतात.

शब्द किती मोठा पेलेल?

क्रम राखून केलेल्या निवडी दर अक्षराला जवळपास दुप्पट होतात. वीस वेगळ्या अक्षरांना दहा लाखांच्या वर, लॅपटॉप सहन करतो. फेरमांडण्यांचं तसं नाही. दहा अक्षरांना ३६ लाख, बाराला ४७ कोटी ९० लाख, पंधराला १.३ लाख कोटी. दहा अक्षरी मराठी शब्दाच्या सगळ्या फेरमांडण्या यादीत भरल्या तर तेवढ्यानेच मेमरीत तीनशे एमबीहून जास्त जागा जाते. म्हणून :

- नुसता आकडा विचारला असेल तर मांडण्या बनवूच नका, सूत्राने मोजा. अक्षरसंख्येच्या फॅक्टोरियलला प्रत्येक दुबार अक्षराच्या फॅक्टोरियलने भागा.
- यादी हवीच असेल तर जनरेटरमधून एकेक ओळ घ्या, वापरा, सोडा. त्याला लिस्टमध्ये गुंडाळलं की फायदा गेला.
- ऑनलाइन चाचणीत शब्दाची कमाल लांबी आधी वाचा. ती ८ असेल तर कोणताही मार्ग चालेल, २० असेल तर फेरमांडण्या विचारलेल्याच नाहीत हे समजून घ्या.

परीक्षेत आणि मुलाखतीत

मुलाखतीत प्रश्न उलट विचारायला कोणी मनाई केलेली नाही. ‘क्रम राखायचा की बदलायचा? दुबार अक्षरं आहेत का? रिकामा शब्द मोजायचा का?’ एवढे तीन प्रश्न आधी विचारा. खेड्यातून आलेली हुशार मुलं इथे संकोचतात आणि चुकीच्या प्रश्नाचं बिनचूक उत्तर देऊन बाहेर येतात.

लेखी परीक्षेत विचारायची सोय नसते. तिथे उत्तराच्या पहिल्या ओळीत तुमचं गृहीतक लिहा : ‘क्रम राखून, रिकामा शब्द वगळून.’ तरीही गुण गेले असं वाटलं तर विद्यापीठाकडे उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते, ती चुकवू नका. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसईच्या प्रकरणात मान्य केला आहे.

कोड सोपवण्याआधी

क्रम राखून, रिकामा शब्द वगळून निवडी मोजा :

- ‘नगर’ला ७ यायला हवेत. ६ आले तर लूप एक पायरी आधी संपतोय किंवा तुम्ही सलग तुकडे मोजताय.
- ‘पारनेर’ला १३. १५ आले तर दुबार ओळी राहिल्या. ६३ किंवा ५९ आले तर अक्षरांऐवजी चिन्हं मोजली गेली.
- ‘अहिल्यानगर’ला ६३. ६४ आले तर रिकामा शब्द आत राहिला. १,०२३ आले तर पुन्हा चिन्हंच मोजली. १२७ आले तर ‘ल्या’ तुटला असेल, मात्रा गळाल्या असतील, किंवा तुमच्या इनपुट फाइलमध्ये अजून जिल्ह्याचं जुनंच नाव असेल.